दुखत नाही म्हणून

यकृतात किंवा स्वादुपिंडात कर्करोग वाढू लागला, तर यंत्रांशिवाय त्याचा पत्ता लागत नाही. तोंडाचं तसं नाही. आरसा आणि बॅटरी असली की ती जागा दिसते, बोटानं चाचपता येते. तरीही 2022 सालच्या आंतरराष्ट्रीय अंदाजानुसार भारतात वर्षाला सुमारे 1 लाख 43 हजार लोकांना ओठाचा किंवा तोंडाचा कर्करोग होतो आणि सुमारे 80 हजार माणसं त्यानं जातात. त्यातले बहुतेक दवाखान्यात पोचतात ते रोग पुष्कळ पुढं गेल्यावर. डोळ्यांना दिसणारा रोग इतक्या उशिरा का सापडतो? अज्ञान, हे नेहमीचं उत्तर मला पटत नाही. पुडीवर सडलेल्या तोंडाचं चित्र असतं, ते पाहूनच पुडी फोडली जाते. खरं कारण आपल्या एका जुन्या हिशेबात आहे: दुखत नाही, म्हणजे काही झालेलं नाही. कष्टाच्या शरीराला हा हिशेब सोयीचा असतो. सोयाबीनच्या काढणीत किंवा हळद शिजवायच्या दिवसांत न दुखणाऱ्या गोष्टीकडं पाहायला सवड कुणाला आहे? बाकी ठिकाणी तो चालूनही जातो. तोंडात मात्र तो उलटा पडतो.

तो कसा, ते पाहू. 2016-17च्या राष्ट्रीय पाहणीत महाराष्ट्रातले 3.8 टक्के प्रौढ धूम्रपान करणारे निघाले आणि धूरविरहित तंबाखू खाणारे किंवा लावणारे 24.4 टक्के. म्हणजे आपला प्रश्न बिडीचा कमी आणि चंचीचा जास्त. तळहातावर तंबाखूत चुना मळला की मिश्रण अल्कधर्मी होतं आणि निकोटिन अस्तरातून भराभर रक्तात उतरतं. तरतरी त्यामुळं येते. त्याच तंबाखूत नायट्रोसामाइन नावाची कर्करोगकारक द्रव्यंही असतात. आणि माणूस बार धरतो तो रोज एकाच जागी, गाल आणि हिरडी यांच्यामधल्या खाचेत. पुढं गाठ येते तीही बहुधा तिथंच. पण गाठीआधी बऱ्याचदा वर्षानुवर्षं सूचना मिळत असते. घासून न निघणारा पांढरा चट्टा येतो, कधी मखमलीसारखा लाल चट्टा येतो (तो पांढऱ्यापेक्षा जास्त धोक्याचा), किंवा तिखट सोसेनासं होतं आणि तोंड कमी कमी उघडू लागतं. या शेवटच्या विकाराला ‘सबम्युकस फायब्रोसिस’ हे नाव 1953 साली मुंबईच्या डॉ. एस. जी. जोशी यांनी दिलं. त्याचं मूळ सुपारीत आहे. सुपारीतल्या द्रव्यांनी गालाच्या आतलं मऊ अस्तर चिवट, दोरीसारखं होत जातं. आपली तीन बोटं उभी धरून तोंडात शिरत नसतील, तर ही शंका घ्यावी. चट्ट्यानं ठणका लागत नाही, लहान गाठीनंही बहुधा लागत नाही. ठणका लागतो तोवर रोग खोल गेलेला असतो, कधी मानेतल्या गाठींपर्यंत.

लवकर पाहून फरक पडतो का, हा रास्त प्रश्न आहे, आणि त्याचं उत्तर मोजून मिळालेलं आहे. केरळात तिरुवनंतपुरम जिल्ह्यात 1996 पासून एक मोठा प्रयोग झाला. डॉक्टर नव्हे, प्रशिक्षण दिलेले आरोग्यसेवक घरोघर जाऊन उजेडात तोंड तपासत. 2005 साली निष्कर्ष आले. तंबाखू किंवा दारू घेणाऱ्यांमध्ये तोंडाच्या कर्करोगानं होणारे मृत्यू तपासणी झालेल्या भागांत 34 टक्क्यांनी कमी होते. कसलंच व्यसन नसलेल्यांत असा फायदा दिसला नाही, हेही सांगायला हवं. म्हणजे बॅटरी आधी कुणाच्या तोंडाकडं वळवायची ते ठरलं. मुंबईच्या टाटा स्मारक रुग्णालयातल्या 2015 साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात, रोग लवकर सापडलेल्या ज्या रुग्णांच्या मानेतल्या गाठीही पहिल्याच शस्त्रक्रियेत काढल्या, त्यांतले 80 टक्के तीन वर्षांनंतर हयात होते. मान पुढं गाठ दिसेल तेव्हा पाहू म्हणून ठेवली, त्या गटात हा आकडा 67.5 टक्के होता. ठणक्याची वाट पाहणाऱ्याला यातला कुठलाच आकडा लागू होत नाही.

आता आक्षेप. आजोबा नव्वदीपर्यंत तंबाखू खात होते, त्यांना कुठं काय झालं? काही झालं नसेल, खरं आहे. तंबाखू खाणाऱ्या प्रत्येकाला कर्करोग होतो असं कुणी म्हणतही नाही. पण पारावर बसून नव्वदीतल्या तंबाखूची गोष्ट सांगायला उरतात ते वाचलेलेच. पन्नाशीत गेलेले तिथं नसतात. दुसरा आक्षेप नाजूक आहे: सुपारी तर पूजेत असते, विड्यात असते, तिला विष कसं म्हणायचं? पूजेतल्या सुपारीशी भांडण नाहीच. दिवसभर गालात राहणाऱ्या सुपारीशी आहे, आणि तंबाखू नसली तरी सुपारी एकटीही कर्करोगकारक आहे, हे आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेनं 2004 मध्येच नोंदवलं. मिश्री तर व्यसनात धरलीच जात नाही, दात घासायच्या नावाखाली ती बायकांच्या तोंडात दिवसातून अनेकदा जाते. आहे ती भाजलेली तंबाखूच. तिसरा आक्षेप, सरकारनं बंदी घालावी. गुटख्यावर महाराष्ट्रात जुलै 2012 पासून बंदी आहे. पानमसाला आणि तंबाखू दोन वेगळ्या पुड्यांत आली आणि टपरीवरच्या माणसानं ती हातात एकत्र केली, इतका सोपा होता त्या बंदीचा पराभव. आणि साध्या तंबाखूला ती लागूच नाही. बंदी हवी, पण तिच्या भरवशावर तोंड सोडता येत नाही. आणि गाठीचा तुकडा काढून तपासला की रोग पसरतो, ही भीती? आपल्याकडं तुकडा काढायची वेळच उशिरा येते, मग माणूस खालावतो आणि दोष तपासणीच्या माथी बसतो. पसरवते ती दिरंगाई.

राहिली सवयीची गोष्ट. ती बदलत नाही असं म्हणणाऱ्यांना बार्शीकडं पाहायला सांगेन. तिथं 1987 साली देशातली पहिली ग्रामीण कर्करोग नोंदणी सुरू झाली. बार्शीबरोबर आपल्या मराठवाड्यातले परंडा आणि भूम हे तालुकेही तिच्यात आहेत. रुग्ण कागदावर येण्याची वाट न पाहता कार्यकर्ते गावोगाव गेले, लक्षणं सांगत राहिले, आणि गर्भाशयमुखाचा कर्करोग झालेल्या बायका पूर्वीपेक्षा लवकरच्या अवस्थेत येऊ लागल्या. रोग वेगळा, पण माणसं आपल्यासारखीच, कोरडवाहू शेतीतली. हिंगोली जिल्ह्यातल्या संत नामदेवांच्या गावात परतवारीला लोटणाऱ्या गर्दीत एक तंबू, दोन बॅटऱ्या आणि प्रशिक्षित आशाताई असणं मुळीच अवघड नाही. तिशीपुढच्यांची तोंडाची तपासणी सरकारी कार्यक्रमात आहेच, आणि उपचाराला महात्मा फुले जन आरोग्य योजना आहे. अवघड आहे ते त्याच्या पुढचं. केरळात चट्टा दाखवून ‘मोठ्या डॉक्टरकडं जा’ म्हटल्यावर प्रत्यक्षात गेले ते शंभरातले 63. उरलेल्या 37 जणांना कुणी फसवलं नव्हतं. त्यांचंही दुखत नव्हतं. म्हणून त्या तंबूत आशाताईच्या हातात बॅटरीइतकीच एक वही लागेल: कुणाच्या गालात काय दिसलं, त्याला हिंगोलीला कुठल्या वारी जायचं आहे, आणि त्या दिवशी त्याच्याबरोबर घरातलं कोण जाणार आहे.