गाडीच्या आरशावरचे पांढरे डाग



मी बचत गटांची सहयोगिनी. महिन्यातले वीस-बावीस दिवस मी आणि माझी स्कूटी रस्त्यावरच असतो. मागच्या उसाच्या हंगामात राहुरी तालुक्यातल्या एका गावची बैठक आटोपून घरी निघाले होते. दिवेलागण झाली होती. पुढं दोन ट्रॉल्यांचा उसाचा ट्रॅक्टर रेंगाळत चाललेला, मागं दिवा नाही की लाल पट्टी नाही. त्याला ओलांडायचं म्हणून उजव्या आरशात बघितलं, तर सगळा आरसा नुसता पिवळाधमक दिसला. मागच्या गाडीचा उजेड आरशावरच्या ठिपक्याठिपक्यांत पसरला होता. गाडी एक आहे की दोन, लांब आहे की जवळ, काही कळेना. मला वाटलं लांब आहे, आणि मी बाहेर काढली. एक टेम्पो कर्कश हॉर्न देत माझ्या कोपराजवळून गेला. गाडी कडेला लावली आणि पाय कापायचे थांबेपर्यंत तिथंच उभी राहिले.

घरी आल्यावर बॅटरीच्या उजेडात आरसा बघितला. कुणी तांदळाचं पीठ भुरभुरल्यासारखा दिसत होता. मला नवल वाटलं, कारण मी दर रविवारी न चुकता गाडी धुते. मग ध्यानात आलं, धुते म्हणूनच तर हे झालं!

आपलं बोअरचं पाणी जड. डाळ लवकर शिजत नाही, साबणाला फेस येत नाही, पाणी तापवायच्या पातेल्याच्या बुडाशी पांढरी खपली धरते. हे तुम्हाला मी सांगायला नको. जमिनीतून, खडकातून झिरपताना पाण्यात कॅल्शियम आणि मॅग्नेशियमचे क्षार विरघळतात. भारतीय मानकाप्रमाणे पिण्याच्या पाण्याचा जडपणा लिटरला 200 मिलिग्रॅमपर्यंत असावा, दुसरी सोयच नसेल तर 600 पर्यंत चालवून घेतात. आता हिशेब करा. 600 चं पाणी असेल तर वीस लिटरच्या बादलीत बारा ग्रॅम क्षार, म्हणजे दोन चहाचे चमचे चुन्याची भुकटीच. गाडीवर पाणी मारलं आणि उन्हात तशीच सोडली, की पाणी उडून जातं आणि भुकटी काचेला चिकटून राहते. पुढच्या रविवारी तिच्यावर दुसरा थर. साबणानं ती निघत नाही, कारण ती मळ नव्हे, दगड आहे.

यावर उपाय आपल्या जिल्ह्यात झाडाला लागतो. श्रीगोंद्याचं लिंबू कुणाला ठाऊक नाही? राहुरीच्या कृषी विद्यापीठानं तर ‘साई सरबती’ नावाची लिंबाची जात काढली. चुन्याच्या क्षारावर आंबट पडलं की तो विरघळतो. बारीक बुडबुडे दिसतात, क्षार पातळ होऊन पाण्याबरोबर निघून जातो. ज्यांच्या शेतात ठिबक आहे त्यांना हे नवं नाही. नळ्यांची तोंडं क्षारानं बुजली की आपण आम्लच सोडतो ना? तेच इथं, फक्त सौम्य.

गाडी सावलीत लावा, काच हाताला गार लागली पाहिजे. आधी साध्या पाण्यानं धूळ काढून टाका, नाहीतर पुसताना वाळूचे कण काचेवर ओरखडे काढतात. मग लिंबाचा रस गाळून घ्या. लिंबं महाग असतील तर किराणा दुकानातलं लिंबूसत्त्व एक चमचा पेलाभर पाण्यात, किंवा पांढरं व्हिनेगर आणि तेवढंच पाणी. जुन्या धोतराचा तुकडा त्यात बुडवून पिळा आणि आरशावर पाच-दहा मिनिटं चिकटवून ठेवा. वाळू द्यायचा नाही. आरशावर रस ओतायचाही नाही, कारण कडेनं आत गेला तर पाठीमागचा चंदेरी लेप काळा पडतो. मग हलक्या हातानं गोल गोल पुसा, चांगल्या पाण्यानं धुवा आणि लगेच कोरडा करा. डाग जुना असेल तर दोन-तीनदा करावं लागतं. एक सांगते, हे काम शहाबादी फरशीवर किंवा कडाप्प्याच्या ओट्यावर करू नका. ते दगड चुन्याचेच, लिंबाचा थेंब पडला तिथं कायमचा डाग धरतील.

राख, विटेची भुकटी, तारेची घासणी यातलं काहीच आरशाला लावू नका. पुढच्या मोठ्या काचेवर कडक खपली उरलीच, तर काच ओली ठेवून नवं ब्लेड आडवं धरून हलकेच खरवडता येतं. पण आरशावर, फिल्म लावलेल्या काचेवर किंवा हेल्मेटच्या प्लास्टिकवर ब्लेड नको. मोटारीच्या मागच्या काचेला आतून बारीक तारांच्या रेघा असतात, तिथंही नको.

आमच्या एका गटातल्या ताईंनी मालकांच्या पिकअपचा आरसा बाथरूमच्या अ‍ॅसिडनं धुतला. डाग गेले, पण कडेची चकाकीही गेली आणि आरसा किनारीनं काळा पडला. ताई दोन दिवस खोकत होत्या ते वेगळंच. ते अ‍ॅसिड गाडीच्या कामाचं नाही. आणि लिंबू असो, व्हिनेगर असो की अ‍ॅसिड, कशातही ब्लिचिंग पावडर मिसळू नका. त्यातून क्लोरिन वायू निघतो, तो छातीला फार वाईट.

कधीकधी सगळं करूनही डाग राहतो. नख फिरवून बघा. खरखरीत लागलं तर क्षार अजून आहे, पुन्हा लिंबू लावा. गुळगुळीत लागलं आणि तरी पांढरं दिसलं, तर काचच खाल्ली गेली आहे. बरेच महिने क्षार उन्हात बसला की असं होतं. मोठी काच असेल तर काचवाल्याकडून पॉलिश करून बघता येतं. स्कूटीच्या आरशासाठी तो खटाटोप करू नका, नवा बसवा.

पुढं डाग पडू नयेत म्हणून मी आता गाडी सकाळी ऊन चढायच्या आत धुते आणि काच, आरसे पाणी वाळायच्या आत पुसते. शेवटचा तांब्या गावातल्या शुद्ध पाण्याच्या जारमधला घेते. पावसाळ्यात पागोळीचं पाणी एका बादलीत धरते, त्यात क्षार जवळजवळ नसतो. पहिल्या सरीचं मात्र सोडून द्यायचं, त्यात पत्र्याची धूळ येते. आणि शेताच्या कडेला तुषार सिंचन चालू असेल तर गाडी तिथं लावायची नाही. सगळ्यात जास्त ठिपके तिथंच पडतात, आपण मात्र पाणी मारणाऱ्याला दोष देतो.

माझा डावा आरसा दोन वेळच्या लिंबानं स्वच्छ निघाला. उजव्यावर नख गुळगुळीत फिरलं, तो दुसऱ्याच दिवशी बदलून टाकला.