मधुमेही माणसाचे पडसे

(गौलीगुडा, हैदराबाद येथील मराठी नागरिकांपुढे केलेले भाषण)



पडशासारख्या क्षुल्लक दुखण्यावर भाषण ते काय करायचे, असे आपल्यापैकी काहींना वाटले असेल. औषध घेतले तर आठवड्यात आणि न घेतले तर सात दिवसांत बरे होणारे हे दुखणे, असे आपण थट्टेने म्हणतो. निरोगी माणसापुरते ते खरेही आहे. परंतु ज्याला मधुमेह आहे त्याने ही थट्टा जरा बेतानेच करावी. मी वैद्य नव्हे, प्रसिद्धी खात्याचा सेवक आहे. तज्ज्ञ डॉक्टर जे सांगत आले आहेत तेच सोप्या शब्दांत आपल्यापुढे मांडतो.

आपल्या या वस्तीपासून पायी जाण्याच्या अंतरावर, कोठी येथे, कान-नाक-घशाचे सरकारी रुग्णालय आहे. २०२१ च्या मे महिन्यात तेलंगण शासनाने ‘काळ्या बुरशी’च्या म्हणजे म्युकरमायकोसिसच्या उपचारांसाठी प्रमुख केंद्र म्हणून त्याची निवड केली, हे आपणांस स्मरत असेल. कोविडच्या दुसऱ्या लाटेनंतरचे ते दिवस होते. या रोगाच्या बहुसंख्य रुग्णांत एक गोष्ट समान आढळली : अनियंत्रित मधुमेह. अनेकांना स्टिरॉइड औषधेही दिलेली होती, आणि त्यांनी रक्तातील साखर आणखी चढली होती. नाव काळी बुरशी असले तरी ही बुरशी स्वतः काळी नसते. ती रक्तवाहिन्या बंद पाडते, त्यामुळे तेथील मांस मरते व काळे पडते. तिचे बीजकण मातीत, कुजलेल्या पाल्यात, शेणखतात असतात आणि श्वासावाटे आपल्या सर्वांच्या नाकात जात असतात. निरोगी शरीर त्यांना दाद देत नाही. साखर अतोनात वाढलेल्या शरीरात मात्र त्यांना थारा मिळतो. हा रोग एका माणसापासून दुसऱ्याला होत नाही आणि तो विरळाच आहे. म्हणून साध्या शिंकेने घाबरून जाण्याचे कारण नाही.

आता नेहमीच्या पडशाकडे वळू. पडसे झाले की शरीर रोगजंतूंशी झुंज देऊ लागते आणि त्यासाठी काही संप्रेरके अधिक प्रमाणात स्रवते. त्यांच्या प्रभावाने यकृतातील साखर रक्तात उतरते. त्यामुळे तोंडाला चव नाही, जेवण अर्धे झाले, तरीही साखर वाढलेली, असे घडते. येथेच पुष्कळांचा घोटाळा होतो. ‘आज काही खाल्ले नाही, मग सुई कशाला?’ असे म्हणून लोक इन्सुलिन बंद करतात. तसे आपल्या मनाने कधीही करू नये. मात्रा कमी-जास्त करावयाची तर डॉक्टरांना विचारून करावी. उलट्या-जुलाब सुरू झाले किंवा पाणीही पोटात ठरेना, तर मधुमेहाच्या काही गोळ्या तात्पुरत्या थांबवाव्या लागतात. त्या कोणत्या, हे आजारी पडण्यापूर्वीच विचारून चिठ्ठीवर लिहून ठेवावे. घरी साखर तपासण्याचे यंत्र असल्यास दिवसातून तीन-चार वेळा तपासावे. आकडा लागोपाठ दोनदा २५० च्या वर गेला, उलट्या होऊ लागल्या, किंवा श्वास जोरजोराने चालून त्याला पिकल्या फळासारखा वास येऊ लागला, तर रात्र असली तरी रुग्णालय गाठावे. आकडा ७० च्या खाली गेला तर मात्र त्वरित साखर घ्यावी. त्या वेळी पथ्य आड येऊ देऊ नये.

औषधांच्या दुकानात ‘सर्दीची गोळी द्या’ एवढेच म्हणून आपण मोकळे होतो. अशा गोळीत बहुधा तीन-चार द्रव्ये एकत्र असतात. त्यांपैकी नाक मोकळे करणारे द्रव्य रक्तवाहिन्या आकुंचित करते, रक्तदाब वाढवते आणि साखरेवरही परिणाम करू शकते. मधुमेह्यांपैकी अनेकांना रक्तदाबही असतो. तेव्हा दुकानदाराला आपला आजार आधी सांगावा. गंमत अशी की, फिनाइलएफ्रिन हे अशा गोळ्यांत सर्रास असणारे द्रव्य पोटात घेतल्याने चोंदलेले नाक सुटत नाही, असा निर्वाळा अमेरिकेतील औषध प्रशासनाच्या सल्लागार समितीने २०२३ साली दिला. नाकात घालावयाच्या औषधी थेंबांनी नाक झटकन सुटते हे खरे, परंतु ते तीन दिवसांहून अधिक वापरले तर नाक उलट अधिकच चोंदते. खोकल्याच्या पातळ औषधात साखर असते, ‘साखरविरहित’ असे लिहिलेले मागून घ्यावे. घरचा काढा जरूर घ्यावा, पण गूळ आणि मध न घालता. आणि हैदराबादेत बोलतो आहे म्हणून सांगतो, घशाला शेक म्हणून घेतलेले इराणी चहाचे चार पेले हेही साखरेच्या हिशेबात धरावेत.

मग करावे काय? मिठाच्या पाण्याचे तयार थेंब नाकात घालावेत. जलनेती करणाऱ्यांनी उकळून निवविलेलेच पाणी वापरावे, नळाचे थेट नको. वाफ घेताना पातेले मांडीवर किंवा पायाजवळ ठेवू नये. मधुमेहात पायांची संवेदना मंदावलेली असते, भाजले तरी कळत नाही, आणि तो व्रण महिनोन्‌महिने भरत नाही. ताप-अंगदुखीसाठी साधे पॅरासिटामोल ठरलेल्या मात्रेत बहुतेकांना चालते, मात्र यकृताचा विकार असेल तर विचारून घ्यावे. पडसे विषाणूंमुळे होते, त्यावर प्रतिजैविके चालत नाहीत. दहा दिवसांत उतार पडला नाही, किंवा बरे वाटून पुन्हा ताप व चेहऱ्याचे दुखणे उलटले, तर गालामागच्या व कपाळामागच्या हाडांतील पोकळ्या, ज्यांना डॉक्टर सायनस म्हणतात, त्यांत पू झाला आहे काय, हे तपासून घ्यावे लागते.

एक विनंती शिक्षकांना व ग्रामसेवकांना. पुढील लक्षणे गावात सांगून ठेवावीत : चेहऱ्याची एकच बाजू दुखणे किंवा बधिर होणे, नाकातून काळसर अथवा रक्तमिश्रित स्राव, डोळ्याला सूज, एकाच्या दोन वस्तू दिसणे, वरचे दात अकारण हलणे, टाळूवर काळा डाग. मधुमेही माणसात यांपैकी एक जरी दिसले तरी घरगुती उपाय तेथेच थांबवावेत आणि त्याच दिवशी कान-नाक-घसा तज्ज्ञाकडे न्यावे. शस्त्रक्रियेने मेलेले मांस काढणे, अँफोटेरिसिन औषध देणे आणि साखर आटोक्यात आणणे, हे तिन्ही एकदमच करावे लागते, आणि डोळा वाचणे न वाचणे पुष्कळदा उपचार किती लवकर सुरू झाले यावर ठरते. नांदेड-देगलूरकडून येथे येणाऱ्या रुग्णांनी आपल्या चालू औषधांची चिठ्ठी आणि साखरेच्या नोंदींची वही बरोबर आणावी, म्हणजे डॉक्टरांचा वेळ वाचतो.