अधिक नव्हे, सखोल



वर्गातला एखादा बुद्धिमान विद्यार्थी सर्वांआधी गणित सोडवून खिडकीबाहेर पाहत बसतो,
तेव्हा त्याला आणखी दहा गणिते घालणे हा उपाय नव्हे.

त्याला अधिक नको, सखोल हवे.

प्रज्ञावंतांच्या शिक्षणाचा असा स्वतंत्र विचार करून
अप्पा पेंडसे यांनी १९६२ साली पुण्यात ज्ञान प्रबोधिनी स्थापन केली,
आणि १९६९ साली तिची प्रशाला सुरू झाली.
पाठांतराहून प्रश्न, प्रकल्प आणि समाजाचे भान यांना तेथे महत्त्व मिळाले.

अशी सोय सर्वत्र नसेल;
परंतु ओढ्याचे पाणी, अंगणातली मुंगी, ग्रामपंचायतीचे जुने दप्तर
ही शोधाची साधने कोणत्याही प्राथमिक शिक्षकाच्या हाताशी असतात.

म्हणून, श्रोतेहो, पुन्हा सांगतो :
अधिक नको, सखोल हवे.