थकवा अंगातला आणि मनातला



मागच्या बैठकीत आम्ही सहज विचारलं, "आज कोण कोण दमलंय?" सगळ्यांचे हात वर गेले. "कशानं दमलात?" तर उत्तर आलं, "काय माहीत बाई, आज तसं काही कामच नव्हतं." आणि याच बायांचं पहाटे पाचपासून पाणी, डबे, धुणं, शेणघाण सगळं झालेलं होतं. काही जणी तर दिवसभर खुरपून थेट बैठकीला आल्या होत्या. त्या उत्तराबद्दलच आज बोलू या.

थकव्यात मनाचा वाटा असतो, हे आपल्याला कुणी शिकवायला नको. घरात लग्न असलं की रात्री दोनपर्यंत रुखवत करत बसतो आणि हसत उठतो. मनाविरुद्ध एक हंडा उचलायचा म्हटलं तरी हात जड होतात. आपल्या आज्या-पणज्या पहाटे जात्यावर बसल्या की ओव्या म्हणायच्या. हेमा राईरकर आणि गी पॉइतवाँ यांनी गावोगावच्या बायांकडून अशा एक लाखाहून जास्त ओव्या गोळा करवल्या. त्यांत माहेर आहे, भाऊ आहे, सासरचा जाच आहे, विठोबाही आहे. मनातलं बोलता बोलता दळण सरायचं.

अमेरिकेतल्या आलिया क्रम आणि एलन लँगर या दोघींनी केलेला एक अभ्यास २००७ साली प्रसिद्ध झाला. सात हॉटेलांत खोल्या साफ करणाऱ्या ८४ बाया त्यात होत्या. दिवसभर पलंग आवरायचे, फरशा पुसायच्या, न्हाणीघरं घासायची. तरी त्यांतल्या कितीतरी जणी म्हणायच्या, आम्ही कुठं व्यायाम करतो! त्यांतल्या काही जणींना समजावून सांगितलं, की तुमचं रोजचं कामच चांगला व्यायाम आहे. बाकीच्यांना हे सांगितलं नाही. चार आठवड्यांनी पाहिलं, तर ज्यांना सांगितलं होतं त्यांचं वजन आणि रक्तदाब थोडा उतरलेला होता. काम वाढलं असं मात्र त्या म्हणाल्या नाहीत. एका अभ्यासानं सगळं सिद्ध होत नाही. पण आपल्या श्रमाकडे आपण कसं बघतो, याचा अंगावर परिणाम होत असावा, एवढं त्यातून घेण्यासारखं आहे. "काहीच केलं नाही" असं स्वतःला रोज सांगणारी बाई दमते ती दमतेच, वर दमल्याची लाजही बाळगते.

आता एक सावधगिरीची गोष्ट. आमच्यातलीच एक मैत्रीण दोन वर्षं ऐकत होती, "तुझ्या मनाचे खेळ आहेत, जरा उत्साहानं राहा." जिना चढताना धाप लागायची, तरी तिला वाटायचं आपणच आळशी. शेवटी रक्त तपासलं, तर हिमोग्लोबिन ८.५! बाईचं ते निदान १२ तरी असावं लागतं. २०१९ ते २०२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत महाराष्ट्रातल्या १५ ते ४९ वयाच्या दर १०० बायांमागे ५४ जणींच्या अंगात रक्त कमी आढळलं. म्हणजे निम्म्याहून जास्त. त्यांना उत्साहाचे सल्ले देऊन काय होणार?

म्हणून मनाला बोल लावण्याआधी रक्त तपासून घ्या. आशाताईंना विचारा, आरोग्य केंद्रात जा. लोहाच्या गोळ्या दिल्या तर त्या चहाबरोबर घेऊ नका, लिंबूपाण्याबरोबर घ्या. गोळ्यांनी शौच काळी होते, त्याला घाबरून गोळ्या सोडू नका. थायरॉइड आणि साखरेनंही थकवा येतो, तेव्हा डॉक्टरांना सगळं सांगा. आणि दोन-दोन आठवडे मन उदास असेल, कशातच गोडी वाटत नसेल, तर तोही आजारच असू शकतो. त्यासाठी सरकारच्या टेलिमानस सेवेचा १४४१६ हा क्रमांक आहे. त्यावर मोफत बोलता येतं.

रक्त ठीक असूनही दमणूक हटत नसेल, तर ओझं मोजा. २०१९ च्या राष्ट्रीय वेळ-वापर सर्वेक्षणानुसार घरकाम करणाऱ्या बाईची त्यात दिवसाला सरासरी २९९ मिनिटं जात होती. जे पुरुष घरकाम करतात, त्यांची ९७. शिवाय गॅस कधी संपेल, सासऱ्यांची गोळी, पोराची फी, हे सगळं डोक्यात चालूच असतं. आपण टेकलो तरी डोकं टेकत नाही. विश्रांती घेऊनही दमल्यासारखं वाटतं, त्याचं हे एक कारण.

इथं पुन्हा जात्याची आठवण येते. ओवीनं दळण हलकं वाटायचं, पण जातं हलकं झालं नाही. बाईच्या हातचं जातं सुटलं ते गिरणी आली तेव्हा. आपल्याला ओवीही हवी आणि गिरणीही हवी. मन प्रसन्न ठेवायचं, आणि कामही वाटून द्यायचं. नुसतं "आनंदी राहा" म्हणणाऱ्याच्या हातात आधी एक झाडू द्या!

आज रात्री एवढंच करा. सकाळपासून केलेली कामं बोटांवर मोजा आणि घरच्यांसमोर मोठ्यानं सांगा. त्यातलं एक काम उद्यापासून दुसऱ्याच्या नावावर करा. भाजी वाकडीतिकडी चिरली गेली, तरी पुन्हा आपल्याकडे ओढून घेऊ नका. आणि दुपारी अर्धा तास आडवं झालात, तर कुणी दार वाजवल्यावर घाईनं उठून पदर सावरत "नाही, झोपले नव्हते" असं म्हणू नका. म्हणा, "दमले होते, म्हणून पडले होते."

पुढच्या बैठकीत आम्ही पुन्हा विचारणार आहोत, कशानं दमलात? उत्तर तयार ठेवा.