गर्भपाताचा ठपका आणि गुणसूत्रांची वाटणी



वसई-विरार परिसरात गर्भपात झाला की पहिला ठपका सुनेवर येतो. ती जीवदानीच्या पायऱ्या चढली, लोकलच्या गर्दीत शिरली, तिने हंडा उचलला! वास्तविक पहिल्या तीन महिन्यांतील सुमारे निम्म्या गर्भपातांच्या मुळाशी गुणसूत्रांतील दोष असतो. मानवी पेशीत ४६ गुणसूत्रे असतात. स्त्रीबीज अथवा शुक्रपेशी तयार होताना वाटणीत एखादे कमी-अधिक झाले, की असे बहुतेक भ्रूण वाढतच नाहीत. मातेच्या पस्तिशीनंतर हा संभव वाढतो. पायऱ्यांशी त्याचा काही संबंध नाही.

दोन वा अधिक गर्भपात झालेल्या किंवा पस्तिशी ओलांडलेल्या स्त्रीस नोंदणीकृत केंद्रात तपासणी करून घेण्यास कायद्याची मुभा आहे. प्रयोगशाळेत वाढविलेल्या भ्रूणाच्या बाह्य थरातील मोजक्या पेशीही तपासता येतात. परंतु मोजक्या पेशी म्हणजे संपूर्ण भ्रूण नव्हे, त्यामुळे निष्कर्ष चुकूही शकतो.

मुलगा की मुलगी हे सांगणे मात्र गुन्हा आहे. त्यासाठी देशातील पहिला कायदा १९८८ मध्ये महाराष्ट्राने केला. १९९४ मध्ये केंद्राचा कायदा आला आणि २००३ च्या दुरुस्तीने गर्भधारणेपूर्वीची लिंगनिवडही निषिद्ध ठरली.

पंचायत सदस्यांनी आशा कार्यकर्तीसमवेत अशा घरी अवश्य जावे, आणि आधी सासूबाईंशी बोलावे.