‘रेटिसन्स’ : एका इंग्रजी शब्दाची कहाणी



न बोलणाऱ्या माणसाला नावे ठेवण्यात मराठी भाषेने कधी कंजुषी केलेली नाही. कमी बोलतो तो मितभाषी, बोलतच नाही तो घुमा, चारचौघांत ज्याच्या तोंडून शब्द फुटत नाही तो मुखदुर्बळ, मनातले कळू देत नाही तो आतल्या गाठीचा. आणि रुसून धरला जातो तो अबोला. या सर्वांच्या शेजारी वावरणारा एक इंग्रजी शब्द आहे, ‘रेटिसन्स’. त्याचे भाषांतर आपण बहुधा ‘मितभाषीपणा’ असे करून मोकळे होतो. परंतु तेवढ्याने त्या शब्दाचे मर्म हाती येत नाही. आज त्याच्या अर्थाचा आणि प्रवासाचा थोडा विचार करावयाचा आहे.

या शब्दाचे कूळ लॅटिन. ‘ताकेरे’ म्हणजे गप्प राहणे. त्यामागे ‘रे’ हा उपसर्ग लागून ‘रेतिकेरे’ हे क्रियापद झाले. इंग्रजीतील ‘टॅसिट’ म्हणजे न बोलता गृहीत धरलेले, आणि ‘टॅसिटर्न’ म्हणजे स्वभावानेच अबोल, हे शब्दही याच धातूची अपत्ये होत. पण भावंडांत फरक असतो तसा येथेही आहे. टॅसिटर्न माणसाजवळ सांगण्यासारखे काही असेलच असे नाही. रेटिसन्ट माणसाजवळ मात्र ते असते. त्याला ते ठाऊक असते, आणि तो ते जाणूनबुजून मागे ठेवतो. आपण ‘हातचे राखून बोलणे’ म्हणतो, ते याच्या पुष्कळच जवळ जाते. हातात काही असेल तरच राखता येते, हे त्यात गृहीत आहे.

रोमन वक्तृत्वशास्त्रात तर हा एक अलंकारच होता. वक्त्याने वाक्य अर्ध्यावर सोडावे आणि उरलेले श्रोत्यांनी मनात पुरे करावे, या युक्तीला सिसरोने ‘रेतिकेन्तिया’ हे नाव दिल्याचे क्विंटिलियन सांगतो. व्हर्जिलच्या ‘ईनिड’ महाकाव्याच्या पहिल्या सर्गात समुद्रदेव नेपच्यून उच्छृंखल वाऱ्यांना धमकावू लागतो आणि मध्येच थांबतो. न उच्चारलेली ती शिक्षा उच्चारलेल्या शिक्षेहून अधिक भयंकर वाटते. आपल्याकडेही आजोबा “थांब, तुला आता मी...” एवढेच म्हणत, आणि नातवाला पुढचे समजत असे. वाक्याअखेरच्या या तीन टिंबांना पोर्तुगीज भाषेत ‘रेतिसेंसियश’ असेच म्हणतात. गोव्यात 1961 पूर्वी पोर्तुगीज शाळांत शिकलेल्यांना तो शब्द ओळखीचा वाटेल.

इंग्रजीत ‘रेटिसन्स’ आला तो 1600 च्या सुमारास. पण पुढील दोनशे वर्षे तो फारसा कोणी वापरला नाही. ते काम ‘रिझर्व्ह’ हा शब्द करीत असे. 1815 च्या अखेरीस प्रसिद्ध झालेल्या ‘एमा’ कादंबरीत जेन फेअरफॅक्स हिचा मन राखून वागण्याचा स्वभाव जेन ऑस्टिनने ‘रिझर्व्ह’ याच शब्दाने दाखविला आहे. 1830 नंतर मात्र रेटिसन्स रूढ झाला. शतकाच्या अखेरीस त्यावरून वादही रंगला. 1894 च्या एप्रिलमध्ये ‘द यलो बुक’ या नियतकालिकाच्या पहिल्याच खंडात आर्थर वॉ यांनी साहित्यातील रेटिसन्सवर निबंध लिहून लेखकाने मर्यादा पाळावी असा आग्रह धरला. दुसऱ्या खंडात ह्यूबर्ट क्रॅकनथॉर्प या तरुण कथाकाराने त्याच मथळ्याखाली उत्तर देऊन लेखकाच्या स्वातंत्र्याची बाजू मांडली. एकाला जो संयम वाटला, तो दुसऱ्याला अडसर वाटला.

तेव्हा प्रश्न असा उरतो, की राखून ठेवणे हा गुण समजावा की दोष? फ्रेंच विमा कायद्यात ‘रेतिसाँस’ हा शब्द सरळ दोषाच्याच अर्थाने येतो : विमा उतरविणाऱ्याने सांगावयास हवी ती गोष्ट मुद्दाम दडविणे. आपल्या 1872 च्या भारतीय करार कायद्याने मात्र याचा विवेक मोठ्या मार्मिकपणे केला आहे. कलम 17 मध्ये शब्द ‘मौन’ असा आहे, आणि उदाहरण आहे घोड्याचे. लिलावात घोडा विकणाऱ्याला त्याची खोड ठाऊक आहे, पण तो गप्प राहतो. ही फसवणूक नव्हे. परंतु घेणारी त्याची स्वतःची, नुकतीच सज्ञान झालेली मुलगी असेल तर? मग सांगणे हे त्याचे कर्तव्य ठरते. आणि घेणारा जर म्हणाला, “तुम्ही नाही म्हटले नाही, तर घोडा निर्दोष आहे असे मी समजेन,” तर तेथे गप्प राहणे हे बोलण्यासारखेच आहे. घोडा तोच, मौनही तेच. पण समोर कोण आहे आणि त्याचा त्या माहितीवर काय हक्क आहे, यावरून त्या मौनाचे मोल बदलले.

मला वाटते, ही कसोटी बाजारापुरती नाही. आपले दुःख, आपले दान, मित्राने विश्वासाने सांगितलेली गोष्ट ही राखून ठेवण्यासाठीच असते. पण ज्या शब्दावर दुसऱ्याचे हित अवलंबून आहे, तो शब्द राखून ठेवणाऱ्याला मितभाषी म्हणून गौरविता येणार नाही.

एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धापासून इंग्रजीत या शब्दाचा आणखी एक अर्थ रुळू लागला आहे : नाखुशी, कचरणे. ‘अमुक करण्यास तो रेटिसन्ट आहे’ अशी वाक्ये आज वृत्तपत्रांत सर्रास येतात, आणि शब्दकोशांनीही त्यांची नोंद घेतली आहे. भाषा कोणाच्या सांगण्यावरून थांबत नाही. तरी शिक्षक या नात्याने मला या बदलाची थोडी काळजी वाटते. शाळेत प्रगतिपुस्तकावर शेरा लिहिताना वर्गात न बोलणाऱ्या मुलाला आपण एका शब्दात बसवितो. पण एक मूल उत्तर ठाऊक असून मागे राहते, दुसऱ्याला ते ठाऊकच नसते, तिसऱ्याला बोलण्याची इच्छा नसते, आणि चौथे कोणीतरी हसेल या भीतीने ओठ मिटून घेते. पहिल्याचा संयम जपावयाचा असतो, दुसऱ्याला पुन्हा शिकवावयाचे असते, तिसऱ्याची रुची जागवावयाची असते. चौथ्याला मात्र आधी अभय द्यावे लागते. चौघांवर एकच शब्द लिहिला, तर चौथ्याची भीती कोणाला दिसणारच नाही; आणि घरी ते प्रगतिपुस्तक पाहणारे आईवडील ‘मुलगा शांत आहे’ असे समजून निश्चिंत होतील.

म्हणून शेरा लिहिण्यापूर्वी त्या मुलाला एकदा जवळ बसवून, इतर कोणी ऐकत नसताना, तेच उत्तर विचारून पाहावे. योग्य शब्द कोणता, हे बहुधा तेव्हा कळते.