थायरॉईड आणि मनाची उदासी



आज आपण गळ्यातल्या एका लहानशा ग्रंथीविषयी बोलू. ती मंदावली की अंग थकते, आणि पुष्कळदा मनही थकते. आम्ही काही डॉक्टर नव्हे. जुन्या जालन्यात राहणारे, मॅट्रिक झालेले निवृत्त हेडमास्तर आहोत. पण हे दुखणे आम्ही स्वतः नऊ वर्षे सांभाळीत आहोत. म्हणून चार शब्द सांगतो.

ही ग्रंथी गळ्याच्या पुढच्या बाजूला, कंठाच्या खाली असते. फुलपाखराने पंख पसरावेत तसा तिचा आकार. तिला थायरॉईड म्हणतात. तिचा रस रक्तात मिसळतो. अंगातली ऊब, काळजाचे ठोके, अन्नाचे पचन, मनाची उभारी, या साऱ्यांना तो रस लागतो. रस कमी पडला म्हणजे कंदिलाची वात खाली केल्यासारखे होते. दिवा विझत नाही, पण घरात अंधूक होते.

मग माणूस सारखा थकतो. थंडी सोसत नाही. वजन वाढते. शौचाला साफ होत नाही. कातडी कोरडी पडते, केस गळतात. बायकांची पाळी बिघडते. विसर पडतो, आणि मन उदास होते. पुरुषांपेक्षा बायकांना हा आजार जास्त होतो. घरात मात्र म्हणतात, "सून आळशी आहे. हिला कामच नको." ज्याचं जळतं त्यालाच कळतं!

हा आजार का होतो? थायरॉईडला आयोडीन लागते. ते मिळावे म्हणून मिठात घालतात. आपल्या देशात गलगंडाविरुद्ध सरकारी मोहीम १९६२ साली सुरू झाली, ती याच कामासाठी. आयोडीनचे मीठ जरूर खा, डब्याला झाकण ठेवा. पण हे मीठ खाऊनही पुष्कळांना हा आजार होतो. शरीराची रोगाशी लढणारी शक्तीच चुकून या ग्रंथीवर उलटते. तिथे जास्त मीठ खाऊन काही उपयोग नाही.

आमचे असेच झाले. भर चैत्रात आम्ही घोंगडी पांघरून बसू लागलो. वर्तमानपत्र हातात धरावे, पण वाचू नये असे वाटे. शेजारी म्हणाले, "गुरुजी, रिटायर झालात, म्हणून करमत नाही." घरच्यांनी मात्र दवाखान्यात नेले. रक्त तपासले आणि थायरॉईड सापडली.

त्या तपासणीचे नाव टीएसएच. मेंदूच्या तळाशी दुसरी एक ग्रंथी आहे. ती थायरॉईडला "काम कर" असा हुकूम पाठवते. तो हुकूम म्हणजे टीएसएच. वर्गातले पोर ऐकेनासे झाले की मास्तरांचा आवाज चढतो. तसा थायरॉईड मंदावली की टीएसएचचा आकडा चढतो. म्हणून आकडा वाढला म्हणजे ग्रंथीचे काम वाढले, असे समजू नका.

यावर औषध आहे. १८९१ साली इंग्लंडात मरे नावाच्या डॉक्टरांनी एका ४६ वर्षांच्या बाईंना मेंढीच्या थायरॉईडचा अर्क टोचला. बाई अगदी खंगल्या होत्या. औषध चालू ठेवून त्या पुढे २८ वर्षे जगल्या. आज मेंढीची गरज नाही. तोच रस कारखान्यात बनतो आणि गोळीतून मिळतो.

आम्ही गोळी सुरू केली. थंडी गेली. पोट साफ होऊ लागले. सहा महिन्यांनी टीएसएचचा आकडा ठीक आला. पण मन उठेना. पहाटे चारला जाग यावी आणि छातीवर धोंडा ठेवल्यासारखे वाटावे. नातू बोलावी, तरी उठू नये वाटे.

असे पुष्कळांचे होते. १९४९ साली लंडनचे डॉक्टर अ‍ॅशर यांनी थायरॉईड मंदावून मन बिघडलेल्या १४ रोग्यांची हकिगत छापली. थायरॉईडचे औषध देऊन त्यांतले बरेच जण बरे झाले. सगळे मात्र झाले नाहीत. याचा अर्थ नीट ध्यानात घ्या. उदासी हा कधी थायरॉईडचा परिणाम असतो, तर कधी सोबत राहणारा वेगळा आजार असतो. वात वर केली, तरी काचेवर काजळी असली तर उजेड पडत नाही. काचही पुसावी लागते.

मनाच्या डॉक्टरकडे जायचे म्हटल्यावर आम्ही कचरलो. लोक वेडा म्हणतील! तेव्हा घरच्या म्हणाल्या, "दात दुखला तर दातवाल्याकडे जाता, मग मनानं काय पाप केलंय?" गेलो. डॉक्टरांनी ऐकून घेतले. रक्त कमी आहे का, बी-बारा जीवनसत्त्व कमी आहे का, तेही तपासले. मग औषध दिले आणि दर पंधरवड्याला बोलायला बोलावले. या औषधाचा गुण यायला काही आठवडे लागतात. ते मनाने बंद करू नये.

आज आमची उदासी समूळ गेली असे नाही. पावसाळ्यात पुन्हा डोके वर काढते. पण आता आम्ही तिला ओळखतो. पहाटे उठून मोती तलावाकडे चालून येतो. दिवसाला एक तरी काम पुरे करतो. दारूच्या वाटेला जात नाही. मन जड झाले की घरात तसे सांगतो.

आता नेम सांगतो. गोळी सकाळी उपाशीपोटी पाण्याबरोबर घ्यावी. चहा अर्ध्या ते एका तासाने घ्यावा. लोहाची किंवा कॅल्शियमची गोळी असेल तर मध्ये चार तास जाऊ द्यावेत. मन उदास आहे म्हणून जास्त गोळ्या खाऊ नयेत. त्याने छाती धडधडते, हाडे ठिसूळ होतात. डोस बदलला की सहा ते आठ आठवड्यांनी रक्त तपासावे. दिवस गेले तर लगेच डॉक्टरांना सांगावे. गोळी सोडू नये.

दोन आठवड्यांहून जास्त दिवस मन उदास राहिले, कशातच गोडी वाटेना, तर डॉक्टरांना तसे स्पष्ट सांगा. मरावेसे वाटू लागले तर एक दिवसही थांबू नका. त्या माणसाला घरात एकटे सोडू नका. १४४१६ या नंबरावर फोन करा. ही सरकारची टेलि-मानस सेवा २०२२ साली सुरू झाली. ती फुकट आहे, रात्रंदिवस चालते आणि मराठीत बोलता येते. जिल्ह्याच्या सरकारी दवाखान्यातही मनाच्या आजारावर उपचार होतात.

तुम्हांला आता अक्षरे येतात. घरी गेल्यावर गोळीच्या पाकिटावरचे नाव आणि आकडा स्वतः वाचा. हा फोन नंबर मोठ्या अक्षरांत लिहून भिंतीला लावा. आणि घरात कोणी महिनोन् महिने गप्प बसले असेल, तर त्याला आळशी म्हणण्याआधी एकदा त्याचे रक्त तपासून घ्या.